दाराजवळची खुर्ची: आपल्या चर्चा ग्रुपच्या जुन्या मंडळींना खुलं पत्र

संयोजक आणि सगळे जुने सभासद,

नमस्कार मंडळी.

हे पत्र उघडपणे लिहितेय कारण खासगीत दोघातिघांशी बोलून झालं, सगळे "खरंय गं तुझं" म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात परत जैसे थे. दुसरं म्हणजे श्रद्धेवर, धर्मावर, ग्रंथांवर एकत्र बसून बोलणारे ग्रुप जिथं कुठं आहेत तिथं थोड्याफार फरकाने हेच चालतं. मी स्वतः दोन ग्रुपमध्ये बसलेय आणि मैत्रिणींकडून, ज्यांचा धर्म वेगळा, ग्रंथ वेगळा, अगदी हेच ऐकलंय. म्हणून आपला धर्म कोणता तेही इथं मुद्दाम लिहीत नाही, ज्याला लागू पडेल त्याने आपलं म्हणून वाचावं.

विषय एकच. नवीन माणूस आपल्याकडे एकदा येतो, फार तर दोनदा, आणि मग दिसत नाही. का दिसत नाही हे आपण कधी विचारत नाही. कोण आलं याचं रजिस्टर आपल्याकडे आहे, कोण यायचं थांबलं याचं नाही. आणि वर आपणच म्हणतो की हल्ली लोकांना या गोष्टींत रसच उरला नाही. अहो रस नसता तर तो माणूस सुट्टीच्या दिवशी, कुणी ओळखीचं नसताना, पत्ता विचारत विचारत आपल्या दारापर्यंत आला असता का?

आधी माझं सांगते. वडील गेले त्यानंतर तीनेक महिन्यांनी मी पहिल्यांदा अशा एका ग्रुपमध्ये गेले. हा नाही, आधीचा, नाव घेत नाही कारण माणसं वाईट नव्हती. आत गेले तर सगळे आपापल्या जागी बसलेले, मी एका रिकाम्या खुर्चीवर टेकणार तेवढ्यात कुणीतरी म्हणालं "तिथं काका बसतात", अगदी साध्या आवाजात म्हणालं, पण मी जी उठले ती मागे भिंतीपाशी जाऊन अंग चोरून बसले. मग वाचन सुरू झालं. कुठलं पान ते सगळ्यांना माहीत, मलाच नाही, आणि शेजारच्या बाईंच्या पुस्तकात डोकवावं की नको तेही कळेना. मध्येच सगळे एकदम उभे राहिले, मी उशिरा उठले, आणि सगळे बसले तेव्हा मी एकटीच उभी. एवढ्याएवढ्याशा गोष्टी. पण घरी जाताना डोक्यात याच होत्या, काय वाचलं गेलं त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं.

शेवटी विचारलं गेलं की कुणाला काही विचारायचंय का. मी धीर करून म्हटलं की आम्ही घरचे सगळे इतके दिवस प्रार्थना करत होतो, मनापासून करत होतो, तरी माणूस गेला, तर मग त्या प्रार्थनेचं झालं काय? एक काका म्हणाले हा टॉपिक आपण मागच्या वर्षी सविस्तर घेतलाय. एक बाई म्हणाल्या तुम्ही प्रार्थना म्हणताय पण ती खरं तर याचना झाली, दोन्हींत फरक आहे. आणि तिसऱ्यांनी सांगितलं की आधी मूळ ग्रंथ एकदा पूर्ण वाचून काढा म्हणजे असे प्रश्न पडणार नाहीत. तिघांपैकी कुणी चूक बोललं असंही नाही. पण "तुमचं कोण गेलं?" हे एकाने विचारलं नाही. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी कुठल्याच ग्रुपची पायरी चढले नाही.

आता आपल्या इथली गोष्ट, आणि ही सांगायला जास्त जड जातं कारण यात चूक माझी आहे. गेल्या वर्षी एक मुलगा आला होता, पंचविशीचा असेल, सॅक खाली न ठेवता पूर्ण वेळ मांडीवर धरून बसला होता. मीटिंग संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मी तसं काहीच मानत नाही, पण नुसता येऊन बसलो तर चालेल का?" आणि मी त्याला मानणं म्हणजे नेमकं काय, श्रद्धा आणि विश्वास यांत फरक कसा, आपल्या परंपरेत शंकेला किती जागा आहे, हे सगळं चांगलं दहा मिनिटं समजावून सांगितलं. उत्साहात होते मी. तो मान हलवत होता आणि सॅकचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. मग थँक्यू म्हणाला आणि गेला तो गेलाच. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याने फक्त चालेल का एवढं विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर "हो, या ना" एवढंच होतं. तेवढं सोडून मी बाकी सगळं बोलले होते.

तेव्हापासून मी याच गोष्टीच्या मागे लागलेय. पहिल्यांदा आलेल्या माणसाने जे विचारलंय त्याचं उत्तर आधी द्यायचं आणि तेवढंच द्यायचं, दुरुस्त्या आणि संदर्भ आणि बारीकसारीक फरक तो दहाव्यांदा येईल तेव्हा.

आता मला माहितीये यावर काय म्हटलं जाईल, कारण मागे एकदा मी विषय काढला तेव्हा म्हटलं गेलंच होतं. की एवढं सैल सोडलं तर ग्रुपला काही खोली राहणार नाही, कुणीही येईल, काहीही बोलेल, आपण इतकी वर्षं जे जपलं त्याचं काय. ही भीती मला खोटी वाटत नाही. पण ज्यांनी शिस्तीचा विचार आपल्यापेक्षा शंभरपट केला त्यांनी हे कसं सोडवलं ते बघू या. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठात राहणाऱ्यांसाठी नियमावली लिहिली, तिची ७३ प्रकरणं आहेत आणि आजही जगभरातले अनेक मठ तीच पाळतात. त्यातल्या ५८व्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की मठात कायमचं राहायला येणाऱ्याला सहजासहजी घेऊ नका, चारपाच दिवस दार ठोठावू द्या, मग वर्षभर त्याची परीक्षा बघा, या काळात त्याला ही नियमावली पुन्हा पुन्हा वाचून दाखवा. कडक आहे. पण त्याच माणसाने त्याच पुस्तकात ५३व्या प्रकरणात लिहिलंय की जो कुणी पाहुणा येईल त्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आल्यासारखं करा, आणि गरीब आणि यात्रेकरू असतील तर जास्तच काळजी घ्या. दोन्ही नियम शेजारीशेजारी, आणि कुठं गोंधळ नाही, कारण पाहुणा वेगळा आणि साधू व्हायला आलेला वेगळा. आपलं नेमकं इथं चुकतं. नुसता बघायला, ऐकायला आलेल्या पाहुण्याची आपण साधू व्हायला आल्यासारखी परीक्षा घेतो.

त्याच नियमावलीत ६६वं प्रकरण मठाच्या दारावरच्या माणसाबद्दल आहे आणि ते वाचल्यावर मी खरंच थोडा वेळ गप्प बसले होते. त्यात म्हटलंय की दारावर शहाणा, वयाने मोठा माणूस बसवा, ज्याला निरोप घेता येतो आणि देता येतो, जो उगाच इकडेतिकडे भटकणार नाही. त्याची खोली दाराला लागूनच असावी म्हणजे येणाऱ्याला कधीही कुणीतरी भेटेल. कुणी दार ठोठावलं किंवा गरीबाने हाक मारली की त्याने लगेच "देवाचे आभार" असं म्हणायचं आणि सौम्यपणे, पण ताबडतोब उत्तर द्यायचं. म्हणजे आलेला माणूस अजून दिसलाही नाही, कोण आहे माहीत नाही, तोवर आभार मानून झाले!

आपण दारावर कुणाला बसवतो? जो गेल्या महिन्यात आलाय त्याला. "तू सह्या घे, तेवढीच तुझी सगळ्यांशी ओळख होईल" म्हणून. त्या बिचाऱ्याला स्वतःलाच अजून कुठं काय ते माहीत नसतं, त्याला कुणी काही विचारलं तर तो आत बोट दाखवतो. आणि आपण, ज्यांना दहा दहा, पंधरा पंधरा वर्षं झाली, ज्यांना माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं की हा रडवेला आहे की नुसता कुतूहलाने आलाय, ते आपण सगळ्यात पुढे, दाराकडे पाठ करून. मला वाटतं एवढी एक गोष्ट उलटी केली तरी निम्मं काम होईल. दाराजवळची खुर्ची ही ग्रुपमधल्या सगळ्यात अनुभवी माणसाची जागा समजायची, पुढची नाही.

मूर्ख प्रश्नांबद्दल. कारण "काहीही प्रश्न विचारतात हो" ही तक्रार मी आपल्याकडे फार ऐकते. ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात हिल्लेल आणि शम्माय या दोन आचार्यांची गोष्ट आहे, दोघंही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. एक परका माणूस शम्मायकडे येऊन म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात मला सगळी तोरा, म्हणजे ज्यूंचं मूळ धर्मशास्त्र, शिकवा, तर मी तुमच्या धर्मात येतो. प्रश्न उद्धटच होता. शम्मायच्या हातात बांधकामाची मोजपट्टी होती, तीच उगारून त्याने त्याला हाकलून दिलं. तो हिल्लेलकडे गेला. हिल्लेल म्हणाला, तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याशी करू नकोस, सगळी तोरा एवढीच आहे, बाकी त्याचं स्पष्टीकरण, आता जा आणि शिक. लोकांच्या लक्षात राहतं ते मधलं वाक्य. मी अडकले ती शेवटच्या शब्दांपाशी, कारण जा आणि शिक हेच मलाही सांगितलं गेलं होतं की, आधी मूळ ग्रंथ वाचा म्हणून! फरक फक्त क्रमाचा. हिल्लेलने आधी त्याच्या एका पायाच्या वेळेत बसेल असं उत्तर दिलं आणि मग अभ्यासाला पाठवलं, आपण आधी अभ्यासाला पाठवतो आणि उत्तर मग कधीच देत नाही. आणि शम्माय काही वाईट माणूस नव्हता हेही सांगायला हवं, प्रत्येकाचं हसतमुखाने स्वागत करा हे वचन त्याच्याच नावावर आहे. त्याला माहीत होतं. तरी समोरचा माणूस डोक्यात गेला की मोजपट्टी उचलली गेली. माझ्यासकट आपल्या सगळ्यांचं तेच होतं.

पहिल्या भेटीत आपण काय विचारतो यावरही बोलायला हवं. तुम्ही कुणाकडून आलात, घरात आधीपासून आहे का हे, आधी कुठं जात होतात. आपल्या मते ही आपुलकी. पण जो घरच्यांशी भांडून आलाय, किंवा ज्याच्या घरात कुणीच नाही, किंवा जो दुसऱ्या धर्मातून चाचपडत इथवर आलाय त्याच्यासाठी ही चौकशी होते. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाला गुरूने गोत्र विचारलं, तो म्हणाला मला माहीत नाही, आईला विचारलं तर तिलाही माहीत नाही, तरुणपणी ती खूप ठिकाणी सेवा करत फिरत होती, तिचं नाव जबाला म्हणून मी सत्यकाम जाबाल. गुरू म्हणाला समिधा घेऊन ये, मी तुला शिकवतो, तू खऱ्यापासून ढळला नाहीस. छान झालं तिथं. पण आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने सत्यकामाइतकं धीट असावं अशी अपेक्षा का ठेवायची, तो प्रश्न विचारलाच नाही तर काय बिघडतं? नाव विचारा, बसायला जागा द्या, बास.

तीच गोष्ट सगळ्यांसमोर उभं करून ओळख करून द्यायला लावण्याची, हे कृपया बंद करा. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या सभा सतराव्या शतकापासून शांततेत भरतात, अजूनही पुष्कळ ठिकाणी तशाच भरतात, सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो बोलतो. तिथं नवा माणूस तासभर एक शब्द न बोलता बसू शकतो आणि तरी तो सगळ्यांच्या बरोबरीने सभेत असतो. आपल्याला तेवढी शांतता जमायची नाही, मान्य, पण नव्या माणसाला गप्प बसायची मुभा तर देता येईल.

चुकांचं काय, तर त्यावर मला ही गोष्ट सगळ्यात जास्त पटते. मदिनेच्या मशिदीत वाळवंटातल्या भटक्या टोळीतला एक माणूस, बदू, आला आणि त्याला काही माहीत नसल्यामुळे तिथंच एका कोपऱ्यात लघवीला बसला. लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषित मुहम्मदांनी धावून जाणाऱ्यांना अडवलं, त्याचं होऊ द्या म्हणाले, मग त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायला सांगितलं, आणि मग त्या माणसाला शांतपणे समजावलं की ही जागा कशासाठी असते. आपल्या लोकांनाही त्यांनी सांगितलं की तुम्हाला गोष्टी सोप्या करायला पाठवलंय, अवघड करायला नाही. आणि आपण उच्चार चुकला म्हणून मध्येच थांबवतो. फोन वाजला तर दहा माना एकदम वळतात.

उलट टोकही आहे, त्यावर थोडक्यात, कारण आपल्याकडे ते कमी आहे पण आहे. नवीन माणूस आला की कुणीतरी त्याचा नंबर घेतं, रात्रीपर्यंत चार मेसेज, आठवड्यात कार्यक्रमाची जबाबदारी, महिन्यात वर्गणी. माणूस घाबरतो. तो जितका जवळ यायला मागतो तितकंच जवळ घ्यावं. आणि जो मुद्दाम भांडायलाच आलाय त्याच्याबद्दल विचाराल तर तसे फार थोडे असतात, त्यांच्याशी संयोजकांनी बाजूला बसून बोलावं, पण त्या एकदोघांच्या भीतीने बाकीच्या सगळ्यांकडे संशयाने बघू नये. तिरकस विचारणारा पुष्कळदा आतून दुखावलेला असतो, नेहमी असतोच असं नाही, पण पहिल्या दिवशी आपल्याला ते कळणार नसतं, त्यामुळे तो दुखावलेलाच आहे असं धरून चालायला काय हरकत आहे.

तर संयोजकांना माझी विनंती अशी. जुन्यांपैकी दोघांनी आळीपाळीने दाराजवळ बसायचं आणि नवीन कुणी आलं की त्याच्या शेजारीच बसायचं, सगळं सोडून, आपलं पुस्तक त्याच्यापुढे धरायचं. वाचणाऱ्याने पान नंबर दोनदा सांगायचा आणि उभं राहायचं असेल तिथं तोंडाने "आता उभं राहू या" म्हणायचं, यात कुणाचाच वेळ जात नाही. नव्या माणसाच्या प्रश्नाला एकानेच उत्तर द्यायचं, दोन मिनिटांत, आणि बाकीच्यांनी, कितीही सुचत असलं तरी, त्या दिवशी थांबायचं. आधी झालेला विषय असला तरी चालेल, आपल्यासाठी झालाय, त्याच्यासाठी नाही. मीटिंग संपल्यावर पहिली दहा मिनिटं जुन्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड जाईल, मला माहितीये, कारण आपण आठवडाभर त्या दहा मिनिटांची वाट बघत असतो, पण बाहेरून बघणाऱ्याला ती आपली गोलात उभी राहिलेली पाठच दिसते, आणि तो तिच्या मागून हळूच निघून जातो. आणि कुणी दोनतीनदा येऊन मग यायचं थांबलं तर एकच फोन करायचा, एकदाच, आणि त्यात का आला नाहीत असं न विचारता ठीक आहात ना एवढंच विचारायचं.

एक गोष्ट मी आधीच सुरू केलीये, परवानगी न विचारता, त्याबद्दल रागावू नका. आपण बोलताना जे शब्द सर्रास वापरतो आणि जे बाहेरच्याला कळत नाहीत त्यांचा एक पानी कागद करतेय, साध्या बोलीत, नवीन माणसाच्या हातात द्यायला. आतापर्यंत अकरा शब्द झालेत. त्यातल्या चार शब्दांचा अर्थ लिहायला बसले तर तो मला सोप्या वाक्यात सांगता येईना, इतकी वर्षं रोज वापरतेय तरी. येत्या मीटिंगला मी अर्धा तास आधी येऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसणार आहे, ते चार शब्द बरोबर आणते, ज्यांना जमेल त्यांनी लवकर या.

तुमचीच,
एक जुनी सभासद